जिमी फॉक्सची तीन कार्डं: फाशांवरच्या बेसबॉलमध्ये जुन्या तडाखेबाज बॅटरची तुलना कशी करावी

शाळेतल्या बुक क्रिकेटमध्ये कोणाचंही नाव लिहिलं तरी पान उघडल्यावर सगळे सारखेच खेळायचे. अमेरिकेतल्या टेबलटॉप बेसबॉल खेळांचा सगळा डोलारा याच्या उलट तत्त्वावर उभा आहे. इथे प्रत्येक खेळाडूला स्वतःचं कार्ड असतं आणि त्यावरचे आकडे त्याच्या एका खऱ्या मोसमातून काढलेले असतात. त्यामुळे एकाच खेळाडूच्या दोन मोसमांची कार्डं, किंवा एकाच मोसमाची दोन वेगळ्या खेळांतली कार्डं हाती आली, की यातलं भारी कोणतं हा प्रश्न येतोच. नुसत्या नजरेनं तो सुटत नाही, कारण प्रत्येक खेळाचं माप वेगळं असतं.

उदाहरण म्हणून जिमी फॉक्स घेऊ. उजव्या हातानं खेळणारा, मुख्यतः पहिल्या बेसवरचा खेळाडू. आधी फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स, १९३६ पासून बॉस्टन रेड सॉक्स. कारकिर्दीत ५३४ होम रन. त्याचे तीन मोसम तुलनेला उत्तम आहेत, कारण तिन्ही वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही तिन्ही कार्डांचा स्वभाव वेगळा आहे.

आधी कच्चा माल

कार्डाकडे बघण्याआधी खरे आकडे कागदावर मांडा. (हिट म्हणजे चेंडू मारून बेस मिळवणं: सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन बेस, होम रनला चारही. वॉक म्हणजे पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस. स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. अ‍ॅट बॅट म्हणजे वॉकसारख्या खेपा सोडून मोजलेली बॅटरची पाळी. सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट बॅट.)

| | १९३२ | १९३३ | १९३८ |
|---|---|---|---|
| अ‍ॅट बॅट | ५८५ | ५७३ | ५६५ |
| हिट | २१३ | २०४ | १९७ |
| डबल | ३३ | ३७ | ३३ |
| ट्रिपल | ९ | ९ | ९ |
| होम रन | ५८ | ४८ | ५० |
| वॉक | ११६ | ९६ | ११९ |
| स्ट्राइकआउट | ९६ | ९३ | ७६ |
| सरासरी | .३६४ | .३५६ | .३४९ |

सिंगल यात नाहीत. हिटमधून डबल, ट्रिपल आणि होम रन वजा केले की ते मिळतात: ११३, ११० आणि १०५.

पहिली चूक इथेच होते. भागाकार अ‍ॅट बॅटनं करायचा नाही. वॉक अ‍ॅट बॅटमध्ये धरत नाहीत, फासे मात्र वॉकच्या वेळीही पडतात. म्हणून अ‍ॅट बॅट अधिक वॉक ही बेरीज घ्या. तिला आपण ‘खेपा’ म्हणू: १९३२ मध्ये ७०१, १९३३ मध्ये ६६९, १९३८ मध्ये ६८४. चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस (धावपटू पुढे सरकावा म्हणून स्वतः बाद होणं) फॉक्सच्या बाबतीत इतके कमी आहेत, की सोडले तरी चालतं. दुसऱ्या एखाद्या बॅटरचे दहा-बारा असतील तर मात्र मिळवा.

सगळ्यांना एकच माप: २१६

स्ट्रॅट-ओ-मॅटिक (थोडक्यात स्ट्रॅट) या खेळात तीन फासे एकदम टाकतात. पांढरा फासा रकाना ठरवतो: १, २, ३ आले तर बॅटरचं कार्ड, ४, ५, ६ आले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज (२ ते १२) त्या रकान्यातली ओळ ठरवते. एका रकान्यात ३६ शक्यता, म्हणून बॅटरच्या तीन रकान्यांत १०८, पिचरच्या तिनांत १०८, एकूण २१६. या प्रत्येक शक्यतेला खेळणारे ‘चान्स’ म्हणतात.

अ‍ॅपबा या दुसऱ्या खेळात दोन फासे, पण बेरीज करत नाहीत. मोठा फासा दशकाचा, छोटा एककाचा, म्हणजे ११ ते ६६ असे ३६ आकडे, सगळे सारख्या वजनाचे. तेव्हा अ‍ॅपबाचा एक आकडा म्हणजे २१६ च्या मापात ६ चान्स.

कॅडाको कंपनीच्या १९४१ च्या ऑल-स्टार बेसबॉलमध्ये फासेच नाहीत. खेळाडूची गोल डिस्क बाणाच्या चकतीवर बसवतात आणि बाण फिरवतात. तिथे ३६० अंश म्हणजे २१६ चान्स, एक अंश म्हणजे ०.६. हा खेळ इथन अ‍ॅलन या माजी मेजर लीग खेळाडूनं बनवला. पिचरचा हिशेब त्यात जवळपास नाहीच, आणि नेमकं म्हणूनच तुलनेसाठी त्याची डिस्क सर्वात सरळ.

हे एक माप ठरलं की कोणतंही कार्ड कोणत्याही कार्डाशेजारी ठेवता येतं.

स्ट्रॅटचं कार्ड मोजणं

कार्डाची झेरॉक्स किंवा स्कॅन घ्या. जुन्या कार्डावर पेन्सिलसुद्धा टेकवू नका, रेघ पुसली तरी दाब राहतो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

प्रत्येक ओळीशेजारी तिचं वजन लिहा: २ ला १, ३ ला २, ४ ला ३, ५ ला ४, ६ ला ५, ७ ला ६, आणि पुढे उतरत ८ ला ५, ९ ला ४, १० ला ३, ११ ला २, १२ ला १. नवखे लोक ‘याच्या कार्डावर चार ओळींत होम रन आहे, त्याच्या तीनच’ असं मोजतात. पण २, ३, ११ आणि १२ या चार ओळी मिळून ६ चान्स होतात, आणि एकट्या ७ ची ओळही ६ चान्सची.

मग दुभंगलेल्या ओळी. समजा ७ च्या ओळीवर ‘होम रन १–१५, डबल १६–२०’ असं आहे. हे आकडे वीस बाजूंच्या फाशाचे (जुन्या संचांत त्यासाठी १ ते २० चे पत्ते असतात). तर होम रनला ६ × १५/२० = ४.५ आणि डबलला १.५. पाव-अर्धा चान्स सोडून देऊ नका. एका खेळाडूच्या दोन मोसमांतला फरक बहुतेक वेळा याच तुकड्यांत लपलेला असतो.

कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड (सविस्तर नियमांच्या) बाजूवर डाव्या आणि उजव्या हाताच्या पिचरसाठी रकाने वेगळे असतात. दोन्हींची बेरीज स्वतंत्र करा आणि मग भारित सरासरी काढा. भार डोक्यातून काढू नका. ज्या संचात तुम्ही खेळणार आहात त्यातल्या विरोधी संघांच्या डावखुऱ्या पिचरच्या इनिंग मोजा, एकूण इनिंगनं भागा, तोच भार. १९३२ च्या संचात यँकीजचा लेफ्टी गोमेझ वारंवार समोर येणार, पण लेफ्टी ग्रोव्ह कधीच नाही, कारण तो फॉक्सच्याच संघात होता. असा बारकावा भार बदलतो.

काही होम रनपुढे मैदानाचं चिन्ह असतं, ते वेगळ्या रकान्यात लिहा. ही ओळ लागली की वीस बाजूंचा फासा टाकून मैदानाच्या आकड्याशी ताडतात, आकड्याच्या आत आला तर होम रन. तटस्थ तुलनेत अशा चान्सचे अर्धेच धरा. ठरावीक मैदानावर खेळणार असाल, तर मैदानाचा उजव्या बॅटरसाठीचा आकडा भागिले २० हा गुणक.

शेवटी ताळा घ्या. होम रन, ट्रिपल, डबल, सिंगल, वॉक आणि आउट यांची बेरीज प्रत्येक बाजूला बरोबर १०८ आलीच पाहिजे. १०७ किंवा १०९ आली तर एखादी दुभंगलेली ओळ चुकलेली असते. स्ट्राइकआउट आउटमध्येच येतात, ते दोनदा मोजले गेले तर बेरीज एकदम वीस-बावीसनं फुगते.

कार्ड कसं असायला हवं, याचं गणित

अर्ध्या खेपा पिचरच्या कार्डावर जातात आणि सरासरी पिचर लीगच्या सरासरीएवढंच देतो. म्हणून फॉक्सच्या कार्डाला उरलेल्या अर्ध्यात भरपाई करावी लागते. सूत्र असं:

बॅटरच्या कार्डावरचे चान्स = (त्याची घटना ÷ खेपा) × २१६ − (लीगमधलं त्या घटनेचं प्रमाण × १०८)

लीगचं प्रमाण त्या-त्या वर्षाचं घ्यायचं: लीगचे एकूण होम रन भागिले लीगच्या एकूण खेपा. इथे फक्त पद्धत दिसावी म्हणून तिन्ही वर्षांना एकच मानीव लीग लावू: होम रन १.५ टक्के, वॉक ९, स्ट्राइकआउट ८, डबल ४.५, ट्रिपल १.२, सिंगल १७.५.

१९३२ चे होम रन: ५८ ÷ ७०१ × २१६ = १७.९. त्यातून १.६ वजा. उरले १६.३.

| १०८ पैकी चान्स | १९३२ | १९३३ | १९३८ |
|---|---|---|---|
| होम रन | १६.३ | १३.९ | १४.२ |
| ट्रिपल | १.५ | १.६ | १.५ |
| डबल | ५.३ | ७.१ | ५.६ |
| सिंगल | १५.९ | १६.६ | १४.३ |
| वॉक | २६.० | २१.३ | २७.९ |
| स्ट्राइकआउट | २०.९ | २१.४ | १५.४ |
| बेसवर पोहोचणं | ६५.० | ६०.५ | ६३.४ |
| एकूण बेस | ९६ | ९१ | ८७ |

एकूण बेस म्हणजे सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होम रनला ४ असा गुणाकार करून आलेली बेरीज. वॉक त्यात येत नाहीत. स्ट्रॅट खेळणारे कार्डाचं वजन बहुधा याच शेवटच्या दोन ओळींवर तोलतात.

छापील कार्ड मोजून आलेला आकडा या अपेक्षेशी ताडा. एखाद-दुसऱ्या चान्सचा फरक गोळाबेरजेचा असतो. होम रनमध्ये तीन-चार चान्सची तफावत दिसली तर आधी मैदानाची चिन्हं धरली का ते बघा, मग कार्ड त्याच मोसमाचं आहे का ते बघा. हॉल ऑफ फेम संचातलं कार्ड एका मोसमावर बेतलेलं नसतं, त्याला १९३२ च्या आकड्यांनी तपासणं व्यर्थ.

लीग बदलली की कार्ड बदलतं

या सूत्रातून एक गोष्ट निघते, ती हे खेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही पटकन पचत नाही. धावांचा पाऊस पडलेल्या वर्षातलं कार्ड दिसायला गरीब निघतं. सरासरीचंच उदाहरण घ्या, वॉक बाजूला ठेवून. १९३० मध्ये नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. त्या वर्षी .३३० मारणाऱ्याचं कार्ड साधारण २ × .३३० − .३०३ = .३५७ चं होईल. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी होती अवघी .२३०. त्या वर्षी कार्ल यास्ट्रेम्स्कीनं .३०१ वर लीगमधलं सरासरीचं विजेतेपद मिळवलं. त्याचं कार्ड २ × .३०१ − .२३० = .३७२. म्हणजे .३०१ वाल्याचं कार्ड .३३० वाल्यापेक्षा जड! यात चूक काही नाही. १९३० चा पिचर स्वतःच्या कार्डावरून हिटची खैरात करतो, १९६८ चा करत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की फॉक्सचं १९३२ चं स्ट्रॅट कार्ड १९६८ च्या पिचरसमोर ठेवलं, तर तो .३६४ मारणार नाही. वेगवेगळ्या काळातले संघ भिडवणाऱ्या स्पर्धेत सामील होणार असाल, तर खरे आकडे बाजूला ठेवून फक्त १०८ चे चान्स बघा. आणि फॉक्सची १९३२ आणि १९३८ ची कार्डं शेजारी ठेवताना दोन्ही वर्षांची लीग वेगळी लावा, वरच्यासारखी एकच नको.

मैदानाचंही असंच. १९३८ च्या ५० होम रनपैकी ३५ त्यानं घरच्या फेनवे पार्कवर मारले, बाहेर १५. मैदानाचे नियम वापरणाऱ्या संचात त्यातला काही वाटा मैदानाच्या खात्यावर जातो आणि कार्डावर तेवढे कमी उरतात. म्हणून १९३८ चं कार्ड फेनवेतून उचलून मोठ्या मैदानाच्या संघात घालणं हा महाग सौदा. १९३२ च्या कार्डात ही पाचर नसेल असं गृहीत धरू नका, अ‍ॅथलेटिक्सच्या घरच्या शाइब पार्कचाही आकडा संचात बघा.

अ‍ॅपबाचं कार्ड

इथे अर्ध-अर्ध वाटणी नाही. प्रत्येक खेपेला बॅटरचंच कार्ड वाचतात. कार्डावर ११ ते ६६ समोर एक निकालाचा आकडा असतो, आणि त्या आकड्याचा अर्थ बेसवर कोण आहे यानुसार आठ वेगवेगळ्या तक्त्यांत बघतात. निकाल १ म्हणजे सगळीकडे होम रन, १३ म्हणजे स्ट्राइकआउट, १४ म्हणजे वॉक. २ ते ६ हे ताकदीचे आकडे, पण त्यांचा अर्थ तक्त्यागणिक बदलतो. पिचरची ग्रेड ए ते डी, आणि ग्रेडनुसार ७, ८, ९ यांसारखे हिटचे आकडे आउट होऊ शकतात.

स्ट्रॅटच्या १६ चान्सशी अ‍ॅपबाचे चान्स थेट ताडणं ही सर्वात महागात पडणारी गफलत. अ‍ॅपबात होम रनचा पूर्ण वाटा बॅटरच्या कार्डावर असतो. १९३२ साठी लक्ष्य १७.९, म्हणजे ३६ पैकी २.९८ आकडे. तीन ‘१’ दिले की काम जवळपास झालं. १९३३ साठी मात्र १५.५ ÷ ६ = २.५८, आणि १९३८ साठी २.६३. दोन दिले तर कमी, तीन दिले तर जास्त. अडीच आकडे छापता येत नाहीत, म्हणून ‘०’ ची सोय आहे. ० आला की फासे पुन्हा टाकायचे आणि दुसरा रकाना वाचायचा.

त्याचं मोजमाप: पहिल्या रकान्यातले शून्य × दुसऱ्या रकान्यातले ‘१’ ÷ ६ = चान्स. समजा पहिल्या रकान्यात दोन ‘१’ आणि चार शून्य आहेत, दुसऱ्यात पाच ‘१’. तर २ × ६ = १२, अधिक ४ × ५ ÷ ६ = ३.३, एकूण १५.३. १९३३ च्या लक्ष्याला अगदी खेटून. दुसरा रकाना न मोजता ‘१९३३ च्या कार्डावर दोनच होम रन’ असं ठरवलं, तर कार्डाचा पाचवा हिस्सा उडाला.

२ ते ६ या आकड्यांतूनही काही तक्त्यांत होम रन निघतात. त्यासाठी आठही तक्ते उकरण्याची गरज नाही. निम्म्याहून थोड्या जास्त खेपांत बेस रिकामे असतात, तेव्हा रिकाम्या बेसचा आणि पहिल्या बेसवर धावपटू असण्याचा, एवढे दोन तक्ते तपासले तरी चित्र स्पष्ट होतं.

१३ आणि १४ मोजताना उलटी काळजी. १९३२ चे स्ट्राइकआउट ३६ पैकी ४.९ येतात, पण काही पिचरना स्ट्राइकआउट वाढवणारी अक्षरं असतात (एक्स, वाय), म्हणून कार्डावर १३ थोडे कमी दिसणं बरोबरच. वॉकला झेड अक्षराचे पिचर कापतात आणि डब्ल्यूवाले वाढवतात. लक्ष्य ५.९६, म्हणजे १४ हा निकाल सहाच्या आसपास दिसायला हवा.

डिस्क

फॉक्सची डिस्क मिळाली तर ती स्कॅन करा आणि मोठी करून छापा. मधल्या भोकामुळे केंद्र सापडत नाही. त्यासाठी छापील प्रतीवर कडेला दोन जीवा काढा, त्यांचे लंबदुभाजक जिथे छेदतात तिथे कोनमापकाचं टोक ठेवा. १ हा होम रनचा भाग, ९ वॉकचा, १० स्ट्राइकआउटचा. १९३२ च्या हिशेबानं होम रनचा भाग २९.८ अंश हवा, १९३३ चा २५.८, १९३८ चा २६.३. शेवटच्या दोघांत अर्ध्या अंशाचा फरक, तो कोनमापकात सापडत नाही. डिस्कवरून १९३३ आणि १९३८ वेगळे ओळखण्याचा हट्ट सोडा. शिवाय टेबल एका बाजूला कललेलं असेल तर बाण एकाच भागात थांबायला लागतो. खेळण्याआधी डिस्क न लावता पन्नासेक वेळा बाण फिरवून बघा.

फासे टाकून खात्री होत नाही

‘एक मोसम खेळून बघू’ हा लोकप्रिय मार्ग तुलनेसाठी कुचकामी आहे. ७०१ खेपा आणि ८.२७ टक्के शक्यता असताना प्रमाण विचलन (नुसत्या नशिबानं होणारा नेहमीचा चढउतार) सुमारे ७.३ होम रन येतं. म्हणजे अचूक कार्डसुद्धा एका मोसमात ४४ देईल किंवा ७२, दोन्ही स्वाभाविक. १९३२ आणि १९३३ च्या कार्डांतला फरक फाशांतून जरा भरवशानं दिसायला प्रत्येक कार्डाच्या सुमारे ४,७०० खेपा लागतात, जवळपास सात मोसम. मोजणीला एक संध्याकाळ पुरते.

कोणतं कार्ड कुठे

१९३२ चं कार्ड दोघांनाही मागे टाकतं, त्यावर वाद घालण्यासारखं फारसं नाही. खरी निवड १९३३ आणि १९३८ मध्ये आहे. १९३३ त्याच्या ट्रिपल क्राउनचं, म्हणजे सरासरी, होम रन आणि आरबीआय (त्याच्या मारण्यानं निघालेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये अव्वल येण्याचं वर्ष (.३५६, ४८ होम रन, १६३ आरबीआय), म्हणून लोक डोळे मिटून तेच उचलतात. पण मानीव लीगमध्ये १९३८ चा फॉक्स बेसवर जास्त पोहोचतो आणि स्ट्राइकआउट सहानं कमी देतो. त्याच्या मागे चांगला मारणारा असेल तर १९३८ तिसऱ्या क्रमांकावर घाला. पुढचे दोघे बेसवर पोहोचणारे असतील आणि त्यांना घरी आणायचं असेल तर चौथ्या क्रमांकावर १९३३, कारण डबल आणि सिंगल मिळून त्यात जवळपास चार चान्स जास्त आहेत, आणि वॉकनं दुसऱ्या बेसवरचा माणूस घरी येत नाही.

ठरवण्याआधी एकच गोष्ट अजून मोजा: स्ट्रॅटच्या कार्डावरचे ‘ए’ दर्जाचे ग्राउंडबॉल (जमिनीवरून गेलेले फटके). पहिल्या बेसवर माणूस असताना ते डबल प्लेमध्ये (एका फटक्यावर दोघे बाद) जातात, आणि चौथ्या क्रमांकाच्या बॅटरसमोर पहिला बेस भरलेला असण्याची वेळ वारंवार येते. दोन कार्डांत असे चार-पाच चान्स कमीजास्त निघाले तर वरचा क्रम फिरवा.